पाण्यावरचा विनंती थांबा

डोक्याला साबण लावलेला असावा, डोळे मिटलेले असावेत आणि नळातून पाण्याऐवजी नुसती फुसफुस यावी, यासारखा संताप मला दुसऱ्या कशानं येत नाही. मी आतूनच ओरडले. बाहेरून घरमालक मास्तरांचा अगदी शांत आवाज आला, "दम काढा म्याडम. तुमचा एल्बो काढलाय जरा."

एल्बो म्हणजे पाइपाचा प्लास्टिकचा कोपरा. छतावरच्या टाकीतून आलेला पाइप जिथं माझ्या न्हाणीकडे वळत होता, तिथला कोपरा मास्तरांनी करवतीनं कापून नेला होता. बोटीच्या कठड्याचं काम एका कोपऱ्यावाचून अडलं होतं आणि गावातलं हार्डवेअरचं दुकान त्या दिवशी बंद होतं, एवढंच कारण. उघड्या पडलेल्या पाइपाच्या तोंडात त्यांनी दाणे काढलेलं मक्याचं कणीस ठोकून बसवलं होतं आणि भाडेकरणीची आपण केवढी काळजी घेतली, अशा समाधानात ते पुन्हा कामाला बसले होते. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, दारातून पाण्याची बादली आत सरकवली. "घ्या बाई," त्या म्हणाल्या, "माझ्या मोरीतला तर कवाच नेलाय."

बँकेच्या बदलीवर मी परंडा तालुक्यातल्या त्या गावात गेले होते. गाव धरणाच्या फुगवट्याच्या कडेला. मास्तरांच्या घरातल्या पुढच्या दोन खोल्या मला मिळाल्या. घराच्या मागं थोडं रान आणि रानाच्या टोकाला थेट पाणी. खोल्या हवेशीर होत्या, काकू मायाळू होत्या, आणि खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी मास्तरही मला फार सभ्य गृहस्थ वाटले. पाण्याची अडचण नाही ना, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, "कायबी फिकीर करू नका. पाइप भरपूर हाय आपल्याकडं." मी निश्चिंत होऊन सामान लावायला घेतलं.

गाव त्यांना मास्तर म्हणायचं, पण त्यांनी कधी कुणाला शिकवलं नव्हतं. ते लाल गाडीवर कंडक्टर होते, आणि आमच्याकडे कंडक्टरलाही मास्तर म्हणतात. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी त्यांची गाडी काही थांबली नव्हती. खाकी पँट तीच. दारात उभं राहायची पद्धतही तीच, एक खांदा चौकटीला टेकवून आणि दोन्ही हात मोकळे ठेवून. गावात कुठं पंगत बसली की हे मधोमध उभे राहून सांगणार, "पुढं सरका, पुढं सरका, मागं लई जागा हाय." बोलता बोलता दर थोड्या वेळानं मनगटावरच्या घड्याळाकडे बघणार. कुठं जायचं नसलं तरी बघणार.

घरात त्यांनी एक घंटा टांगली होती. डेपोच्या भंगारातून आणलेली, गाडीतलीच. तिची दोरी ओसरीपासून स्वयंपाकघरापर्यंत कड्यांमधून ओवलेली. एकदा वाजली की थांबा, दोनदा वाजली की निघा. स्वतः बाहेर पडताना ते न चुकता दोनदा वाजवायचे. मीही बँकेत जाताना वाजवावी अशी त्यांची अपेक्षा होती आणि मी वाजवत नाही म्हणून ते मनातून नाराज असत. काकूंनी मात्र त्या दोरीला कधी हात लावला नाही. जेवण झालं की त्या सरळ "अवो!" म्हणून हाक मारत. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "म्या काय गाडीत बसलीय व्हय?"

त्या घंटेवर काकूंचा राग होता, आणि त्याला कारण होतं. लग्नानंतर मास्तर एकदा काकूंच्या माहेरच्या गाडीवर ड्यूटीला होते आणि काकू त्याच गाडीत बसल्या होत्या. मधल्या स्टँडवर काकू पाणी प्यायला उतरल्या. परत येतात तर गाडी वेशीबाहेर गेलेली. नवऱ्यानंच दोनदा घंटा मारून गाडी सोडलेली. काकू मागच्या गाडीनं माहेरी पोचल्या आणि पुढं बरेच दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत. मास्तरांना मात्र आजही त्यात काही चुकलं असं वाटत नव्हतं. "वेळ म्हंजे वेळ," ते मला म्हणाले. "बायको हाय म्हणून गाडी थांबवली तर बाकीच्या प्याशिंजरांनी काय समजायचं?"

आता बोट कशाला, ते सांगायला हवं. काकूंचं माहेर पाण्याच्या पलीकडं होतं. धरण झालं तेव्हा त्यांचं जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि लोकांनी पलीकडच्या माळावर नवं गाव वसवलं. आमच्या परसातून संध्याकाळी तिथले दिवे दिसत. पूर्वी सरळ गाडीरस्ता होता. आता वळसा घालून, मध्ये गाडी बदलून जावं लागे. काकूंचे गुडघे शाबूत होते तोवर त्या तशाही जाऊन आल्या. पण गुडघ्यांनी दगा दिला आणि गाडीची पायरी चढणं बंद झालं. काकूंच्या भावंडांतलं तिकडं एकच माणूस उरलं होतं, धाकटा भाऊ. त्याला अर्धांगवायूचा झटका येऊन तो अंथरुणाला खिळलेला. त्याचा फोन यायचा. "आक्का, येतीस का गं?" इतकंच विचारायचा. काकू म्हणायच्या, "येते रं. आज-उद्या येतेच." मग फोन पदरानं पुसून कोनाड्यात ठेवायच्या.

भावाबहिणीची भेट राहून जाऊ नये, एवढी एक गोष्ट त्या घरात महत्त्वाची होती. मास्तरांनाही ती कळत होती. म्हणून त्यांनी मासेमारीच्या ठेकेदारानं टाकून दिलेली पत्र्याची बोट मिळवली, भोकं बुजवली आणि गावातल्या गणपत नावाच्या मासेमाराला वल्हवायला तयार केलं. इथपर्यंत सगळं शहाण्या माणसासारखं झालं. काकूंना बोटीत बसवायचं आणि पलीकडं न्यायचं, एवढंच बाकी होतं.

"ऊन लागंल की वो," काकू म्हणाल्या.

तिथून सुरुवात झाली. मास्तरांनी शेतातले जुने पाइप गोळा केले आणि बोटीवर छत उभारलं. चार बाजूंना चार खांब, वर आडवे पाइप, त्यावर ताडपत्री. छत झाल्यावर काकू म्हणाल्या, चढताना पाय घसरेल. मास्तरांनी पाइपाची शिडी केली, पायऱ्यांना सायकलच्या टायरचे तुकडे गुंडाळले. मग काकू म्हणाल्या, धरायला काहीच नाही. म्हणून कठडा आला, आणि त्या कठड्यात माझा एल्बो गेला. मग पायाला ओल लागते म्हणून पाय ठेवायची चौकट. मग मळमळ होते म्हणून बाकाच्या बाजूला रुंद पाइपाचा एक डबा, ज्याचा उपयोग काय ते मास्तरांनी मला जेवणाच्या वेळी सविस्तर समजावून सांगितलं.

काकूंनी न सांगितलेल्या गोष्टीही होत्याच. पिशव्या ठेवायला डोक्यावर रॅक. छत्री उभी करायला नळी. गणपतच्या गळाच्या काठ्या खोचायला दोन नळ्या, वल्ही टेकवायला दोन कमानी. वाळू भरून तोंडं बंद केलेल्या पाइपाचा नांगर. घंटा तर होतीच, दुसरी, तीही भंगारातली. आणि सगळ्यात पुढच्या बाकावर निळ्या रंगानं लिहिलं होतं, 'महिलांसाठी राखीव'. बोटीत बाकं होतीच मुळी दोन.

हा सगळा कारखाना माझ्या ओसरीत चालायचा, कारण त्यांच्या ओसरीत काकू पापड वाळत घालायच्या. सकाळी उठल्यापासून करवतीची करकर. पाइप वाकवायचा म्हणून तो स्टोव्हवर धरायचे, तेव्हा असा काही वास सुटायचा की माझा चहा मला गोड लागेना. सांधे जोडायच्या सोल्युशनचा डबा एकदा माझ्या चपलेवर सांडला. चप्पल सुकली ती फरशीला धरूनच सुकली. मी भडकले तर मास्तर ती चप्पल ओढून बघत म्हणाले, "बगा म्याडम, किती पक्कं धरतंय. पान्यात बी असंच ऱ्हानार." माझ्या दुसऱ्या चपलेचं काय करायचं, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात आलाच नाही.

मी बँकेतली बाई, कामं लवकर उरकायची सवय. मी त्यांना सरळ सांगितलं, "मास्तर, एक जीप सांगा. काकूंना पुढं बसवा. जेवायच्या वेळेला पलीकडं पोचाल."

मास्तरांनी हातातली करवत खाली ठेवली आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना चोरीच करायला सांगितली होती. "वडापनं? खासगी जीपनं?" ते म्हणाले. "म्याडम, वडापवाल्यांनी माझ्या डोळ्यांदेखत माझी प्याशिंजरं पळवली. गाडी स्टँडला लागायच्या आधी ह्यांचं 'चला चला' चालू. जलमभर म्या त्यांच्याशी भांडलो. आन् आता बायकोला वडापात घालू?"

"अहो, भाऊ आजारी आहे त्यांचा!"

"म्हणून तर बोट करतोय की," ते म्हणाले आणि पुन्हा करकर सुरू झाली. अशा माणसापुढं डोकं आपटून उपयोग नसतो. माझं डोकं मात्र रोज आपटत होतं, कारण छताचे जादा पाइप त्यांनी माझ्या दारावर आडवे बांधून ठेवले होते.

मग एकदाची चाचणी ठरली. काकूंना बसवण्याआधी चार माणसं बसवून बघू, असं मास्तर म्हणाले. सुट्टीचा दिवस होता. पाण्याकडेला अर्धं गाव जमलं. मलाही बसायला सांगितलं, 'महिलांसाठी राखीव'वर. मी नको म्हणत होते, पण काकू काठावर खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी बसले नसते तर त्यांना आयतं कारण मिळालं असतं. म्हणून बसले. बाकीचे पाचसहा बाप्ये मागं बसले. मास्तर टोकाला उभे राहिले, घड्याळ बघितलं, दोरी दोनदा ओढली. गणपतनं वल्ही मारली.

आता एक गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती. उत्साहाच्या भरात मास्तरांनी छताखाली मधोमध एक लांब दांडा बसवला होता. गाडीत उभ्या माणसांना धरायला असतो ना, तसाच. त्यांचं सगळं आयुष्य उभ्या माणसांच्या गर्दीतून वाट काढण्यात गेलेलं. धरायला दांडा नाही अशी गाडी त्यांच्या कल्पनेतच बसत नव्हती. बोटीत उभं राहायचं नसतं, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

आणि आमची माणसंही लाल गाडीचीच. बोट जराशी हलली, वर दांडा दिसला आणि सगळ्यांचे हात आपोआप वर गेले. हात वर गेले म्हणून माणसं उभी राहिली. बोट डावीकडं कलली, तसे सगळे आणखी घट्ट धरून डावीकडंच झुकले. गणपत ओरडत होता, "बसा! आरं खाली बसा!" पण गाडीत एकदा हातात आलेला दांडा सोडायची आमच्याकडं कुणाची तयारी नसते. मास्तर मागून ओरडले, "पुढं सरका, पुढं सरका!" आणि माणसं, काय सांगू, सरकली.

पाणी कमरेएवढंच होतं म्हणून बरं. सगळे बाहेर आले, मी सुद्धा आले, नाकातोंडात गाळ घेऊन. काठावरची माणसं पोट धरून हसत होती. मास्तर गुडघाभर पाण्यात उभं राहून बोटीकडं बघत होते. मला वाटलं, आता तरी शरमतील. ते म्हणाले, "पुढं गर्दी झाली. मागची जागा मोकळीच ऱ्हायली बगा."

काकू काठी टेकून खुर्चीतून उठल्या. "आता तर म्या पायच ठेवत न्हाय तिच्यात," असं म्हणून त्या घराकडं चालायला लागल्या. त्यांच्या चालण्यावरून त्यांची जरा सुटका झाल्यासारखं मला वाटलं, पण मी माझ्याच साडीचा गाळ पिळत होते, जास्त विचार केला नाही.

दांडा काढला. आता काय उरलं होतं? तरीही काकूंची कारणं संपेनात. कठडा हलतो. बाक टोचतं. वारं सुटलंय. आज अमावास्या आहे. मास्तर प्रत्येक कारणावर काहीतरी कापून, वाकवून, चिकटवून आणायचे. अमावास्येवर तेवढा पाइप चालला नाही. मला दोघांचाही सारखाच वैताग आला होता. एकाचं ऐकून घेणं संपत नव्हतं आणि दुसरीचं सांगणं.

एका संध्याकाळी भावाचा फोन आला. फोन त्याच्या सुनेनं लावून त्याच्या कानाशी धरला होता. मी शेजारीच शेंगा फोडायला बसले होते, म्हणून मला ऐकू आलं. त्याची जीभ आता जड झाली होती. पूर्वीचं 'येतीस का गं' सुद्धा नाही. नुसतं "आक्का... आक्का..." एवढंच येत होतं. काकू "येते रं, येते" म्हणाल्या, फोन पदरानं पुसला, कोनाड्यात ठेवला आणि पुन्हा शेंगा फोडायला लागल्या.

माझा संयम सुटला. "काकू, पुरे झालं आता. मास्तरांना विचारायचंच नाही. उद्या सकाळी मी गाडी सांगते, मी तुमच्याबरोबर येते."

"नगं बाई."

"का पण?"

"एवढं करून ठेवलंय त्यांनी. रातध्याड त्येच चाललंय. आन् म्या जीपात बसून जाऊ? त्यांच्या तोंडाकडं बगवंल का मला?"

"मग त्या बोटीत बसा ना! घंटा, छत, शिडी, सगळं आहे. ओकायला डबासुद्धा आहे!"

काकूंनी हातातली शेंग तशीच ठेवली. त्या खाली बघून बोलल्या.

"बोट कुठनं जाती ठावं हाय का तुमाला? मधनं जाती. मधी आमचं जुनं गाव हाय. खाली. आमचं घर हाय तिथं. आई चुलीम्होरंच गेली माझी, भाकरी थापता थापता. चुलीला नुसता पाय लागला तरी आमी हात जोडतो. आन् त्या चुलीच्या वरनं बोट न्ह्यायची? आईला वलांडून जायचं? तसं वलांडून भावाकडं गेले तर त्यो तरी म्हणंल का, ये म्हणून?"

"हे मास्तरांना का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? त्यांनी इचारलं, काय पायजे. म्या सांगत गेले. घर नव्हतं मागता येत."

मी तडक ओसरीत गेले. मास्तर स्टोव्हवर पाइप धरून बसले होते. आज काय, तर वारं अडवायची चौकट. मी त्यांच्या अंगावरच ओरडले. एवढ्या महिन्यांचा सगळा राग बाहेर आला, न्हाणीचा, चपलेचा, गाळाचा. म्हटलं, "बंद करा हे! त्यांना ना ऊन लागत, ना वारं. तुमच्या बोटीचं एक टोकसुद्धा त्यांना नकोय. तुम्ही त्यांना त्यांच्या आईच्या चुलीवरून न्यायला निघालाय!" आणि सगळं सांगून टाकलं.

पाइप वाकून स्टोव्हवर लोंबायला लागला तरी मास्तरांचं लक्ष नव्हतं. मीच स्टोव्ह बंद केला.

"मुक्कामी गाडी जायची त्या गावाला," ते शेवटी म्हणाले. "डायवर आन् म्या रात्री तिथंच निजायचो, देवळात. गावातलं एकेक घर आमाला जेवायला घालायचं. त्या चुलीवरचं म्या बी खाल्लंय. तिच्या आईनं वाढलंय." मग, "तवाच बघितली म्या हिला." आणि घड्याळ बघायला मनगट वर केलं, पण बघितलं नाही, तसंच खाली ठेवलं.

माझा राग तिथं ओसरायला हवा होता. पण दुसऱ्या दिवशी बँकेतून आले तर अंगणात माझे कपडे वाळत घालायची दांडी गायब. कपडे घडी करून पायरीवर ठेवलेले. ती दांडी पाइपाची होती हे मी विसरले होते, मास्तर विसरले नव्हते. माझ्यात ओरडायची ताकद राहिली नव्हती. मी कपडे उचलले आणि आत गेले.

त्या दांडीचं काय झालं ते पुढच्या सुट्टीला कळलं. सकाळीच मास्तर काकूंसमोर जाऊन उभे राहिले, एक खांदा चौकटीला टेकवून.

"गाडी गावाच्या वरनं जायची न्हाय," ते म्हणाले. "वळसा घालून जाईल. म्या आन् गणपतनं जागा बघून ठेवलीय. पाण्याभाईर ऱ्हायलेली देवळाची टेकडी आन् पलीकडचा आंबा, दोनी बघून जागा धरलीय, चुकायची न्हाय. खुणा टाकल्यात. त्या खुणांच्या आत वल्हं बी जायचं न्हाय. थांबा मागितला तर गाडी कडंला थांबंल."

काकूंनी त्यांच्याकडं बघितलं. मी पुढच्या कारणाची वाट बघत होते. त्यांनी कारण सांगितलं नाही. आत गेल्या, नवं लुगडं नेसल्या आणि भाकरी, शेंगाचटणी फडक्यात बांधून बाहेर आल्या.

पाण्यापर्यंत चालत जायला आम्हाला वेळ लागला. काकू एका हातानं काठी आणि एका हातानं माझा दंड धरून होत्या. शिडीच्या टायर गुंडाळलेल्या पायऱ्यांवर त्यांचा पाय घसरला नाही. राखीव बाकावर त्या बसल्या, मी शेजारी बसले. कठडा हातात आला. छताची सावली बरोबर तोंडावर आली. मला कबूल करायचं नव्हतं, पण मास्तरांच्या त्या सगळ्या पसाऱ्यातली प्रत्येक वस्तू त्या दिवशी कामाला आली. डबा सोडून. मास्तरांनी दोनदा दोरी ओढली आणि आम्ही निघालो.

पाणी शांत होतं. बऱ्याच पुढं गेल्यावर मला पाण्यावर पांढरे ठिपके दिसले. जवळ गेल्यावर कळलं, तोंडं बंद केलेले पाइपाचे तुकडे, दगडाला दोरीनं बांधून पाण्यावर तरंगत ठेवलेले. घराला कुंपण घालावं तसे ते एका मोठ्या जागेला गोल घातलेले. आणि कडेला माझी दांडी. खाली तरंगता सांगाडा, त्यावर दांडी उभी, दांडीवर पत्र्याची पाटी. निळ्या अक्षरात लिहिलं होतं, 'जुनं गाव. विनंती थांबा.' आमच्याकडं रस्त्यावर असतात तशीच पाटी. हात केला तर गाडी थांबते, नाहीतर निघून जाते.

गणपतनं बोट वळसा घालून घेतली. काकू समोर बघत होत्या, पाटीकडं नाही. मला वाटलं, आता तशाच निघून जातील. आम्ही पाटीच्या सरळ रेषेत आलो. काकूंनी कठड्यावरचा हात काढला, वर नेला आणि घंटेची दोरी एकदा ओढली.

एकच टोला. गणपतनं वल्ही उचलली. बोट हळूहळू थांबली.

काकूंनी फडकं सोडलं. भाकरीचा पहिला घास मोडला. त्यांच्या घरी तो पहिला घास चुलीतल्या विस्तवाला देतात, हे मी रोज बघत आले होते. त्यांनी कठड्यावरून वाकून तो खुणांच्या आत पाण्यात सोडला आणि हात जोडले. घास थोडा वेळ वर तरंगला, मग खाली गेला. काकू तो गेला तिथंच बघत राहिल्या.

किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. ऊन चढलं. छताच्या सावलीतून माझे पाय बाहेर आले आणि भाजायला लागले. पलीकडं भाऊ वाट बघत होता, आणि परत यायचं होतं. उशीर व्हायला लागला की माझा जीव कासावीस होतो, ती माझी सवयच आहे. मी मागं वळून हळूच म्हणाले, "मास्तर, निघायला हवं. घंटा द्या की."

मास्तर दोरी धरून उभे होते. सगळ्या जन्मात कुणासाठी गाडी न थांबवलेला तो माणूस. त्यांनी मान हलवली.

"प्याशिंजर खाली उतरलंय म्याडम," ते म्हणाले. "चढल्याशिवाय गाडी हालत न्हाय."

आम्ही तसेच थांबलो. पलीकडच्या माळावर कुणीतरी दारात येऊन आमच्याकडं बघत उभं होतं. शेवटी काकूंनी फडक्याची गाठ मारली, लुगड्याचा पदर डोक्यावरून नीट घेतला, एका हातानं कठडा धरला. आणि दुसऱ्या हातानं दोरी दोनदा ओढली.